काडी बाहेरची, खुंट आपला

हापूस बाठ्यापासून लावत नाहीत. बाठा रुजतो, रोपही जोमाने वर येतं, पण त्याला लागणारं फळ हापूसच असेल याची हमी कुणी देत नाही. म्हणून पावसाळा लागला की आमच्या देवगड तालुक्यातल्या नर्सऱ्यांमध्ये कलमं बांधायचं काम सुरू होतं. रायवळ आंब्याचे बाठे रुजवायचे, कोवळं तांबूस पानांचं रोप थोडं वर आलं की त्याचा शेंडा छाटायचा आणि मधोमध चीर द्यायची. मग हापूसच्या जुन्या झाडावरून आणलेली काडी पाचरेसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. खालचा तो खुंट, वरची ती काडी. सांधा जुळला की पुढे नवख्या माणसाला जोड कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही. माझे वडील हे काम करायचे आणि सुट्टीत मला हाताखाली घ्यायचे. ते एक गोष्ट कायम बजावत: काडी कितीही चांगली आणा, खुंटात रस नसेल तर ती वाळणार.

'प्रोपगंडा' हा शब्द मुळात याच कामातला आहे. लॅटिनमध्ये 'प्रोपागारे' म्हणजे फांदी दाबून किंवा छाट लावून एका झाडाची अनेक झाडं करणं. १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी एक मंडळ नेमलं, त्याच्या लॅटिन नावात 'प्रोपागांदा फिदे' हे शब्द होते. श्रद्धेची लागवड, असा त्याचा साधा अर्थ. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं हा शब्द फारसा वाईट समजला जात नव्हता. पहिल्या महायुद्धात सरकारांनी लोकांची मनं घडवायला खातीच उघडली, युद्ध संपल्यावर आपल्याला काय काय सांगितलं गेलं ते लोकांना कळलं, आणि मग या शब्दाला तो कडू वास लागला.

शब्दाचा इतिहास मी इतका सांगतोय त्याला कारण आहे. प्रोपगंडा म्हणजे खोटं बोलणं, असा आपला समज असतो. तसं असतं तर काम सोपं होतं: खोटं पकडायचं आणि सोडून द्यायचं. पण माणसाच्या मनात बाहेरून आणून काही पेरता येतं, हे मला पटत नाही. कलम करता येतं. खुंट आपलाच असतो, म्हणजे आपली भीती, आपला अभिमान, पोरांवरची माया, जुनं दुखणं. ते सगळं खरं असतं, त्याची मुळं खोल असतात. त्यावर कुणीतरी आपल्या सोयीची काडी बसवतो आणि काही दिवसांनी आपण छातीठोकपणे म्हणतो, हे माझं मत आहे.

मराठीत आपण 'प्रचार' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर निवडणुकीतली भोंगा लावलेली रिक्षा येते. तो प्रचार उघड असतो. रिक्षावर चिन्ह असतं, ही मंडळी मत मागायला आली आहेत हे शाळकरी पोरालाही कळतं. उलट कंडी पिकते, आवई उठते, तिला बहुतेक वेळा धनी नसतो. गजालीतून निघाली आणि गजालीतच विरली. प्रोपगंडा या दोन्हींच्या मधला. त्याला धनी असतो, हेतू असतो, बहुधा पैसाही असतो. फक्त तो धनी दिसत नाही.

न्यूयॉर्कचं एक उदाहरण अगदी कलमाच्या चित्रासारखं स्वच्छ आहे. एडवर्ड बर्नेज हे मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांचे भाचे. पहिल्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी सरकारच्या प्रचार समितीत काम केलं आणि नंतर तेच कसब व्यापाऱ्यांच्या कामी लावलं. १९२८ मध्ये 'प्रोपगंडा' याच नावाचं पुस्तक लिहून त्यांनी आपली रीत उघडपणे मांडली सुद्धा. एका मोठ्या तंबाखू कंपनीची अडचण अशी होती की बायका रस्त्यावर सिगारेट ओढत नव्हत्या, ते असभ्य मानलं जाई. म्हणजे निम्मं गिऱ्हाईक हातचं जात होतं. बर्नेज यांनी सिगारेटची चव, किंमत, यातलं काहीही पुढे केलं नाही. १९२९ च्या ईस्टरला फिफ्थ अव्हेन्यूवरच्या मिरवणुकीत काही तरुणींनी ठरवून सिगारेटी पेटवल्या, आणि या 'स्वातंत्र्याच्या मशाली' आहेत असं वर्तमानपत्रांपर्यंत पोचवलं गेलं. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताधिकार मिळून तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती. बरोबरीने वागवलं जावं ही त्या बायकांची ओढ शंभर टक्के खरी होती. तिच्यावर बांधलेली काडी तंबाखूची होती, आणि यामागे कंपनी आहे हे त्या दिवशी पेपर वाचणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. विजयदुर्ग आमच्याच तालुक्यात. सहलीच्या पोरांना किल्ला दाखवताना मी नेहमी एक प्रश्न विचारतो: कान्होजी आंग्रे चाचे होते का? मुलं चिडतात. चिडावंसंच आहे ते, पण मुंबईच्या इंग्रजांच्या कागदपत्रांत आंग्र्यांसाठी हाच शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि पुढे कितीतरी इंग्रजी पुस्तकांनी तो तसाच उचलला.

घडलं काय होतं ते पाहा. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून अरबी समुद्रातल्या जहाजांना 'कार्ताझ' नावाचा परवाना घ्यायला लावत. परवाना नसेल तर जहाज जप्त. त्याला त्यांनी चाचेगिरी म्हटलं नाही, तो त्यांचा 'हक्क' झाला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सरखेल कान्होजी आंग्र्यांनी मराठी आरमाराच्या वतीने तेच मागितलं. आमच्या समुद्रातून जायचं तर आमचं दस्तक घ्या. ईस्ट इंडिया कंपनीने ते नाकारलं, कान्होजींनी विनादस्तक जहाजं धरली, माणसं कैद केली. ही धरपकड खरी आहे, ती लपवायचं कारण नाही. पण एकाच कामाला एका बाजूने 'परवाना' आणि दुसऱ्या बाजूने 'दरोडा' म्हटलं की पुढची सगळी चर्चाच संपते. सत्तेशी तह करावा लागतो, तिचं म्हणणं ऐकावं लागतं. चाच्याला फक्त ठेचायचं असतं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. १७५६ मध्ये आंग्र्यांच्या ताब्यातला विजयदुर्ग पडला तेव्हा इंग्रजांच्या बाजूला खुद्द पेशवे होते, ही आपल्या इतिहासातली खोल जखम आहे. स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ साली मुंबईतल्या आपल्या तळाला आंग्र्यांचं नाव दिलं. माणूस तोच. नाव कोण ठेवतं त्यावर तो दरोडेखोर की आरमाराचा प्रमुख हे ठरलं.

१९३७ साली न्यूयॉर्कमध्ये प्रोपगंडा ओळखायला शिकवणारी एक संस्था निघाली होती. तिने प्रचाराच्या सात युक्त्यांची यादी केली, तिच्यात ही नाव ठेवण्याची युक्ती होती. उरलेल्यांपैकी एक मला सगळ्यात घातक वाटते. तिला आपण पत्ते लावणं म्हणू: हातातले सोयीचे पत्ते टेबलावर मांडायचे, गैरसोयीचे मांडीखाली. मांडलेला प्रत्येक पत्ता खरा. डाव खोटा.

याचं जे उदाहरण मी सांगणार आहे त्यासाठी रत्नागिरीला जावं लागेल, भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभ्या असलेल्या थिबा राजवाड्यात. रत्नागिरीत लहानाचं मोठं झालेल्या कुणालाही थिबा माहीत असतो. ब्रह्मदेशचा राजा, इंग्रजांनी इथे आणून ठेवला, इथेच गेला. पण तो राजा इथे का आला हे विचारलं तर बहुतेकांचं उत्तर 'लढाईत हरला' एवढ्यावर थांबतं.

थिबा १८७८ मध्ये मंडालेच्या गादीवर बसला. त्याआधीचं त्याचं शिक्षण बौद्ध विहारातलं, पाली ग्रंथांतलं. १८७९ च्या फेब्रुवारीत राजवाड्यात भयंकर कत्तल झाली. गादीवर हक्क सांगू शकतील अशा सुमारे ऐंशी राजवंशीयांना, बायका-मुलांसकट, मारण्यात आलं. हे झालेलं आहे, यात शंका नाही. रंगूनमधल्या युरोपीय व्यापाऱ्यांनी आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी हा पत्ता टेबलावर मांडला आणि पुढची सहा वर्षं उचलला नाही. त्याच्या शेजारी दुसरा लावला: राजा जिन पिऊन तर्र असतो. तिसरा: राणी सुपयालत ही क्रूर बाई त्याला नाचवते. लंडनच्या वाचकासमोर एक दारुडा राक्षस उभा राहिला.

मांडीखाली काय होतं? सागवान. वरच्या ब्रह्मदेशातलं उत्तम सागवान तोडण्याचा ठेका बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे होता. १८८५ मध्ये मंडालेच्या राजसभेने ठरवलं की कंपनीने तोडलेल्या ओंडक्यांची संख्या कमी दाखवून राजाचा महसूल बुडवला, आणि तिला सुमारे तेवीस लाख रुपयांचा दंड ठोठावला. दुसरा लपवलेला पत्ता फ्रेंचांचा. थिबाने त्याच वर्षी फ्रान्सशी करार केला होता आणि इंग्रजांना आपल्या शेजारी फ्रेंच नको होते. ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरात लढाई झाली आणि दोन-तीन आठवड्यांत मंडाले पडलं. १ जानेवारी १८८६ रोजी अख्खा वरचा ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्याला जोडला गेला.

विचार करा, कत्तल १८७९ ची आणि लढाई १८८५ ची. कत्तलीने इतकं काळीज हललं होतं तर मधली सहा वर्षं कशी गेली? लोकांच्या मनातला खुंट होता मारल्या गेलेल्या पोराबाळांविषयीचा कळवळा. तो शुद्ध होता. त्यावर काडी बसली सागवानाची. आणि राजा गेल्यावर ब्रह्मदेशातली जी माणसं जंगलात शिरून पुढे कित्येक वर्षं लढत राहिली त्यांना सरकारी कागदांत शब्द मिळाला 'डाकू'. आंग्र्यांच्या वेळचाच साचा, फक्त समुद्राच्या जागी जंगल.

थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीला आला. आज दिसणारा राजवाडा पुरा व्हायला १९१० उजाडलं आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा गेला. ब्रह्मदेश त्याने पुन्हा पाहिला नाही. त्या राजवाड्याच्या गच्चीवरून खाडी बघताना मला दर वेळी वाटतं, एका माणसाविषयी हजारो मैलांवरच्या लोकांचं मत बनवलं गेलं, आणि त्या मताची किंमत त्याने तीस वर्षं इथे बसून भरली.

मत असं बनतं तरी कसं? अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. जग एवढं मोठं आहे की आपण ते स्वतः पाहू शकत नाही. आपण डोक्यातल्या चित्रांवर भरवसा ठेवून वागतो आणि ती चित्रं दुसऱ्यांनी काढून दिलेली असतात. लंडनच्या वाचकाने मंडाले पाहिलं नव्हतं. मीही पाहिलेलं नाही.

आणि चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं की ते गडद होतं. १९७७ साली अमेरिकेत तीन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा बोलावून दर वेळी साठ विधानं ऐकवली आणि खरं वाटतं की खोटं ते विचारलं. काही विधानं तिन्ही वेळा तीच होती. दर फेरीला त्या विधानांवरचा विश्वास वाढत गेला. खरी असोत वा खोटी, फरक पडला नाही. नंतर २०१५ च्या एका अभ्यासात तर असं दिसलं की ज्या विषयाचं बरोबर उत्तर माणसाला माहीत आहे, तिथेही नुसत्या पुनरावृत्तीने चुकीचं विधान जास्त खरं वाटू लागतं. ओळखीचं ते खरं, असा मेंदूचा हिशेब आहे. रोजच्या जगण्यात तो बहुधा उपयोगी पडतो. पायवाट रुळलेली असेल तर ती कुठेतरी जातेच.

'खोटं शंभरदा सांगितलं की खरं होतं' हे वाक्य नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या नावावर आपण सगळेच सांगतो. मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. गोबेल्सने ते असं म्हटल्याचा धड पुरावा अभ्यासकांना सापडलेला नाही. इतक्यांदा ऐकलं की ते त्याचंच आहे याबद्दल मला कधी शंकाच आली नाही. त्याने जे केलं ते मात्र पक्कं नोंदलेलं आहे. १९३३ मध्ये जर्मन सरकारने ७६ मार्कांत मिळणारा स्वस्त रेडिओ बाजारात आणला, घरोघरी एकच आवाज पोचावा म्हणून.

आवाज कुणाचा आहे याला फार महत्त्व आहे. १९१६ मध्ये वुड्रो विल्सन अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून पुन्हा निवडून आले ते 'आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं' या घोषणेवर. पुढच्याच एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. आता तेच लोक युद्धाला तयार करायचे होते. सरकारने सुमारे पंचाहत्तर हजार स्वयंसेवक उभे केले. सिनेमाच्या थिएटरात रीळ बदलायला चार मिनिटं लागत, तेवढ्यात हे उठून बोलत. हे बोलणारे त्याच गावचे असत, ओळखीचे, मान असलेले. मुद्दे वरून छापून येत, तोंड गावातलं. आपल्याकडे आज कुटुंबाच्या ग्रुपवर काकांकडून मेसेज येतो तेव्हा हेच होतं. मजकूर कुठल्या खोलीत बसून कुणी लिहिला ते काकांनाही माहीत नाही. पण आपण मजकुरावर विश्वास टाकत नाही, काकांवर टाकतो. गणपतीला न चुकता येणारे, आजारपणात धावून आलेले काका. तो विश्वास हाच खुंट.

आणि आम्ही शिकलेले लोक यातून सुटतो असं समजू नका. सिंधुदुर्गाची साक्षरता २०११ च्या जनगणनेतच ८५ टक्क्यांच्या वर होती, पहिलं मराठी वर्तमानपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर आमच्या पोंभुर्ल्याचे. फ्रेंच विचारवंत झाक एल्यूल यांनी १९६२ मध्ये म्हटलं होतं की प्रोपगंडाला सगळ्यात सहज सापडतो तो सुशिक्षित माणूस. तो बातम्या जास्त घेतो, त्यातलं पडताळून पाहायला त्याला वेळ नसतो, आणि प्रत्येक विषयावर आपलं मत असलंच पाहिजे असं त्याला वाटतं. हे मला स्वतःला लागू पडतं.

रुवांडाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर लांबण लावायची हिंमत होत नाही. १९९३ मध्ये तिथे आरटीएलएम नावाचं रेडिओ केंद्र सुरू झालं. गाणी, विनोद, गप्पा, तरुणांना आवडेल असं सगळं. त्या गप्पांतून तिथल्या अल्पसंख्य तुत्सी लोकांसाठी एक शब्द रुळवला गेला: झुरळं. पुढच्या एप्रिलपासून साधारण शंभर दिवसांत पाच ते आठ लाख माणसं मारली गेली, कितीतरी शेजाऱ्यांच्याच हातून, आणि रेडिओवरून कुणाला कुठे शोधायचं ते सांगितलं जात होतं. नाव ठेवण्याची युक्ती कुठवर जाते ते हे.

मग लोकांना काही पटवून देणं हेच वाईट का? नाही. शिरोड्याचं मीठ आठवा. १९३० च्या मे महिन्यात वेंगुर्ल्याजवळच्या शिरोडा मिठागरांवर सत्याग्रह झाला. मिठाएवढी रोजची, गरिबातल्या गरिबाच्या घरातली वस्तू साम्राज्याविरुद्ध उभी करणं ही मन वळवण्याची विलक्षण कल्पना होती. कुणी म्हणेल, हेही कलमच. हो, कलमच. पण सांधा उघडा होता. दांडीला निघण्यापूर्वी गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून काय करणार आणि का करणार ते कळवलं होतं. कायदा कोणता मोडायचा, शिक्षा काय होईल, सगळं जाहीर. बोलणारा स्वतः लाठी खायला पुढे. ऐकणाऱ्याला 'नाही' म्हणायची मोकळीक होती आणि कित्येकांनी म्हटलंही. माझ्या लेखी फरक इथे पडतो: सांगणारा आपलं नाव आणि आपला हेतू सांगतो का, आणि उलट प्रश्न विचारला तर त्याला चालतं का.

आमच्या किनाऱ्याला हा फरक शिकायची पाळी अलीकडेही आली. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पावरून नव्वदच्या दशकात जे रान पेटलं ते अनेकांना आठवत असेल. १९९५ मध्ये तो प्रकल्प उभारणाऱ्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या उपाध्यक्ष लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी संसदेच्या उपसमितीसमोर सांगितलं की या प्रकल्पासाठी लोकांचं 'शिक्षण' करण्यावर आणि प्रकल्पाच्या आखणीवर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. विरोधकांनी त्याचा अर्थ लाच असा लावला, कंपनीने तो नाकारला. मला तो वाद इथे सोडवायचा नाही. मी त्या एका शब्दापाशी थांबतो. ज्याला वीज विकायची आहे त्याने गिऱ्हाइकावर केलेल्या खर्चाला 'शिक्षण' म्हटलं. शिक्षण म्हटलं की समोरचा अडाणी ठरतो, त्याची शंका म्हणजे अज्ञान ठरतं. दर काय पडेल हा साधा प्रश्न विचारणारा माणूस मागासलेला दिसू लागतो.

जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, नाणारची आणि मग बारसूची रिफायनरी. तेव्हापासून दर काही वर्षांनी एक नाव येतं आणि गावं दुभंगतात. मी दोन्ही बाजूंची पत्रकं जपून ठेवली आहेत. प्रकल्प हवा म्हणणाऱ्यांच्या पत्रकात चाकरमान्यांचं रिकामं घर असतं, मुंबईला गेलेला मुलगा असतो. नको म्हणणाऱ्यांच्या पत्रकात मोहोर जळलेली बाग आणि मेलेली मासळी. दोन्ही खुंट खरे आहेत. घर रिकामं आहे, बागेची भीतीही खरी आहे. पण नोकऱ्या किती, कुठल्या, किती वर्षांसाठी, हे पहिल्या पत्रकात नसतं, आणि अमुक वायूने अमुक अंतरावर नेमकं काय होतं हे दुसऱ्यात नसतं. ज्या बाजूकडे माझं मन झुकतं तिचं पत्रक मी भरभर वाचतो आणि दुसऱ्या बाजूचं ओळ न् ओळ तपासतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

२०१८ च्या उन्हाळ्यात आमच्या स्टँडवर एक प्रसंग घडला. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज तेव्हा महाराष्ट्रभर फिरत होते. देशात फिरलेली अशी एक चित्रफीत मुळात कराचीतल्या, मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करणाऱ्या जाहिरातीची होती. मूल परत आणून सोडण्याचा शेवटचा भाग कापला की उरलेलं अपहरणासारखं दिसे. कापडावर भांडी देणारी एक बाई पाटी घेऊन उभी होती, तिला पंधरा-वीस जणांनी घेरलं. माझे विद्यार्थी राहिलेले दोघं त्यात होते. मी गर्दीबाहेरून काहीतरी पुटपुटत होतो, आवाज फुटत नव्हता. तेवढ्यात आमच्या वाडीतली एक आजी काठी टेकत आत शिरली.

"धा वर्सा येता ही माझ्या दारात. जुनी लुगडी नेता नि माका टोप देता. तुमका कोणी सांगल्यान ही पोरा पळवता म्हणान?"

"मोबाईलार इला, आजी."

"पोर कोणाचा गेला? नाव सांगा."

नाव कुणालाच सांगता येईना. गर्दी पांगली. काही आठवड्यांनी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेसाठी आलेल्या पाच भटक्या माणसांना याच संशयावरून जमावाने ठार मारलं. तिथे कुणी आजी पोचली नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एकावेळी पाचच चॅटवर (मग ती व्यक्ती असो वा ग्रुप) मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. या मेसेजांना धनी होता की नाही, ती आवई होती की प्रोपगंडा, हे सांगणं कठीण आहे. वाट मात्र दोन्हींची एकच. पोराच्या मायेवरून जाणारी.

त्यानंतर आम्ही वाचनालयात शनिवारी संध्याकाळी एक बैठक सुरू केली. कुणीही फोनवर आलेला एक मेसेज घेऊन यायचं. फळ्यावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे लिहायचं की यातलं आपलं काय आहे, म्हणजे हे वाचून मनात काय हललं. उजवीकडे लिहायचं की यात सांगितलेलं काय आहे. वडील कलमाचा जोड शोधायचे तेव्हा बोट सालीवरून हळूहळू वर नेत, साल बदलली की थांबत. तसंच हे. डावीकडचं तपासायचं नसतं, ते मान्य करायचं असतं. तपासायचं ते उजवीकडचं: कुठे, कधी, कुणाचं, किती, आणि हे मी मानलं तर फायदा कुणाचा. ज्या मेसेजने डावी बाजू गच्च भरते आणि उजवीकडे एखादीच ओळ उरते, त्याच्यावर आम्ही जास्त वेळ बसतो.

गेल्या वर्षी एका वहिनींनी आणलेला मेसेज होता: 'देवाची राई बाहेरच्यांना विकली, गाववाल्यांनो जागे व्हा.' डावीकडे काय लिहू नि काय नको असं झालं. राईतलं देवस्थान, आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी, आजूबाजूला विकल्या गेलेल्या जमिनी, संताप. उजवीकडे एकच शब्द उरला: विकली. सोमवारी दोघं जण जाऊन सातबारा घेऊन आले. जमीन देवस्थानच्याच नावावर होती. राईच्या कडेला मोजणीचे दगड पडले होते हे खरं होतं, ते रस्ता रुंद करण्यासाठीचे. त्यात राईतली काही जुनी झाडं जाणार होती, आणि ते मेसेजमध्ये कुठेही नव्हतं. त्या झाडांसाठी ग्रामसभेत अर्ज दिला आहे. मेसेज पहिल्यांदा कुणी सोडला ते अजून कळलेलं नाही. सातबाऱ्याची प्रत वाचनालयाच्या फळ्याला लावून ठेवली आहे, तारखेसकट.